भिंतीचं पोट

वेंगुर्ला आणि शिरोडा यांच्या मधल्या किनाऱ्यावर एक वाडी आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण गोष्टीतले दोघे भाऊ हयात आहेत, दोघांनाही वाचता येतं आणि दोघांनाही आपापल्या वकिलाचा नंबर पाठ आहे.

वाडीच्या पाठीशी जांभ्याचा सडा, पुढ्यात समुद्र आणि मध्ये उतरती जमीन. उतार सगळा वाळूचा. वाऱ्यानं आणून टाकलेली ही वाळू कुठे पुरुषभर जाड, कुठे दोन पुरुष, आणि तिच्याखाली चिकण माती. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. सड्यावर पडलेलं पाणी त्या चिकण मातीच्या पाठीवरून, वाळूच्या पोटातून, गुपचूप समुद्राकडे सरकत राहतं. वर उभ्या माणसाला पायाखालची वाळू तासाभरात कोरडी झालेली दिसते आणि वाटतं, पाणी गेलं. ते गेलेलं नसतं. खाली चालत असतं.

वडिलार्जित जागेच्या वाटण्या झाल्या तेव्हा वरचं घर आणि खळं थोरल्याकडे गेलं. खालचं परडं, विहीर, गोठा आणि माड धाकट्याकडे. मधला उतार निम्मा निम्मा. त्या उतारावर उंडी होती, करवंदीच्या जाळ्या होत्या, घायपात होतं. कुणी लावलेलं नव्हतं, कुणी राखत नव्हतं आणि तिथं भिंत हवी असं बापाच्या किंवा आज्याच्या मनात कधी आलं नव्हतं. सुकी वाळू आपली आपण साधारण तीस ते चौतीस अंशांच्या उतारावर स्थिरावते. हा उतार त्याहून बराच सौम्य होता.

थोरला मुंबईची नोकरी संपवून गावी परतला आणि त्याला खळं लहान वाटू लागलं. नातवंडं मे महिन्यात येणार, तुळशीच्या लग्नाला माणसं जमणार, गाडी फिरवायला जागा नको? त्यानं उताराच्या आपल्या निम्म्या भागात भर घालायला सुरुवात केली. त्याच सुमाराला धाकट्यानं रिक्षा घेतली. ती ठेवायला आणि गोठा चार हात वाढवायला त्यानं उताराचा पायथा खणून जागा सपाट केली. एकानं वरून घातलं, दुसऱ्यानं खालून काढलं. दोन वर्षांत जिथं करवंदं होती तिथं नऊ फुटांचा कडा उभा राहिला. माझ्या मते खरी चूक इथेच झाली. पुढचं सगळं तिचं व्याज.

धाकट्यानं खणलं ते मार्गशीर्षात. वाळू दमट होती आणि कडा सुरीनं कापल्यासारखा सरळ उभा राहिला. धाकट्याला वाटलं, जमीन घट्ट आहे. ओलसर वाळूच्या कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि तो कणांना एकमेकांकडे ओढून धरतो, म्हणून ती उभी राहते. पापुद्रा सुकला की ओढ संपली. पाणी भरपूर झालं तरीही संपली. लहान मुलं त्या ओढीच्या भरवशावर किल्ले बांधतात, मोठी माणसं गोठे बांधतात. फाल्गुनात कड्याचा वरचा हातभर पट्टा पांढुरका पडला आणि दुपारच्या वाऱ्यात तिथून वाळूची बारीक धार सुरू झाली. एवढीशीच, पण दिवसभर. रिक्षाची सीट रोज झाडावी लागायची.

तेव्हा भिंतीचा विषय निघाला. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे विषय गवंड्यामार्फत निघाला. गवंडी वाडीतलाच, चिऱ्याच्या कामात हयात गेलेला. तो सकाळी वर जाई, दुपारी खाली येई आणि निरोप पोचवताना त्यातल्या शिव्या गाळत असे.

खर्च थोरल्याचा ठरला, कारण खळं त्याचं. धाकट्याची एकच अट होती.

“तेका सांग, तुजा पाणी माज्या परड्यात नको. भितीक एक पण भोक दिसाक नको.”

गवंडी म्हणाला, “मगे पाणी खंय जातला?”

“ता तेका इचार.”

गवंड्यानं वर जाऊन तसंच विचारलं. खरं तर थोरल्यानं तिथं अडून बसायला हवं होतं. पण धाकट्याला आपलं पाणीसुद्धा नको, हे त्याच्या जिव्हारी लागलं. तो म्हणाला, “नको तर नको. अशी भीत बांद की थेंब जावक नाय.” कित्येक वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं ते यावर.

गवंड्यानं तोंड उघडून पाहिलं. त्याला सांगण्यात आलं की तू भिंत बांध, सल्ला देऊ नकोस. तोही मानी माणूस. “माका भीत बांदूक सांगितलास, भांडान सोडवूक नाय,” असं म्हणून त्यानं दोरी लावली.

आणि भिंत त्यानं खरोखर चांगली बांधली. हे मुद्दाम सांगतो, कारण भिंत पडली की पहिलं बोट गवंड्याकडे जातं. पाया पाच फूट रुंद, माथा दोन फूट, पुढच्या अंगाला बेताचा कल. चिरे खाणीवरून निवडून आणलेले, मऊ पिवळट चिरे त्यानं बाजूला काढून टाकले. पाया वाळूत न ठेवता खणत खणत चिकण मातीपर्यंत नेला. सांधे सिमेंटनं भरले, दर्शनी बाजूला बारीक दर्जा मारल्या. वाडीतली माणसं बघायला आली आणि म्हणाली, किल्ल्याची भिंत.

पाया चिकण मातीपर्यंत नेल्यामुळेच ती भिंत धरण झाली. सड्याकडून येणाऱ्या पाण्याची वाट जिथून होती, बरोबर तिथं आडवी.

जुन्या लोकांचे गडगे पाहा. चिऱ्याचे, नुसते रचलेले, कंबरेएवढे, सांध्यात काही नाही, मागे चिऱ्यांच्या ठिकऱ्या. दिसायला ओबडधोबड, पण दहा ठिकाणी झिरपतात. बांधणाऱ्यांनी कुठला हिशेब मांडला नव्हता. सिमेंट नव्हतं, म्हणून शहाणपण आपोआप शाबूत राहिलं.

हिशेब मांडला तो शार्ल कुलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्यानं. विजेच्या धड्यातला कूलॉम तो हाच. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर त्यानं बरीच वर्षं किल्ला बांधण्यात घालवली आणि मातीचा भिंतीवर किती रेटा येतो यावरचा त्याचा निबंध 1776 मध्ये छापला गेला. त्या पद्धतीनं आपल्या नऊ फुटी भिंतीचा ठोकळ हिशेब असा: मागची वाळू कोरडी असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे दोन टन रेटा. मागे माथ्यापर्यंत पाणी भरलं तर जवळजवळ पाच टन. वाळू स्वतःच्या वजनाचा तिसरा हिस्साच बाजूला ढकलते, बाकीचं वजन आपल्याच कणांवर पेलते. पाणी असं काही पेलत नाही. जेवढं खोल, तेवढा पुरा रेटा. शिवाय पाण्यात बुडालेल्या पायाखालची माती निसरडी होते ती वेगळीच. गवंड्याची भिंत दोन टनांना पुरून उरली असती. पाच टनांसाठी ती बांधलेलीच नव्हती.

आता गोष्टीतला तो भाग, ज्यासाठी मी ती सांगायला घेतली.

अशी भिंत जिची असते त्याला ती दिसत नाही. थोरला खळ्यात उभा राहिला की त्याला दिसे फक्त माथ्याचा दोन फुटी पट्टा, त्यावर ठेवलेल्या झेंडूच्या कुंड्या आणि पलीकडे माडांचे शेंडे. भिंतीचं तोंड धाकट्याच्या परड्याकडे. ते बघायचं तर खाली त्याच्या परड्यात जायला हवं, आणि तिथं तर त्यानं पाय ठेवायचा नाही असं ठरलेलं. धाकट्याला मात्र उठल्या बसल्या भिंतच दिसायची. दात घासताना, धार काढताना, रिक्षा पुसताना.

आषाढ लागला. आधी तळाशी ओलीची रेघ दिसली. आठवडाभरात ती गुडघ्यापर्यंत आली, मग कंबरेपर्यंत. जांभ्याचा तांबडा रंग तिथं काळपट झाला आणि सांध्यांतून पाणी घामासारखं सुटू लागलं. मग एका सकाळी धाकट्यानं भिंतीच्या कडेनं डोळा लावून पाहिलं. मधोमध, बारा-पंधरा फुटांच्या पट्ट्यात, भिंतीनं पोट काढलं होतं. दोरी लावली असती तर तीन-चार बोटांचा फरक भरला असता. वरच्या तिसऱ्या थरात केसाएवढी चीर होती. संध्याकाळी तिच्यात आगपेटीची काडी जात होती.

बायको म्हणाली, “वर जावन सांगा तरी.”

“भीत तेची,” धाकटा म्हणाला, “पोट पण तेचाच.”

ती काही बोलली नाही. रात्री जेवणं झाल्यावर तिनं गाय आणि पाडी सोडून पडवीत आणून बांधली. नवऱ्यानं विचारलं, तर म्हणाली, गोठ्यात गळतं.

पहाटे भिंत गेली. सगळी नाही, मधलाच पंचवीस-तीस फुटांचा भाग. पाया पुढे सरकला आणि वरचा भाग जागच्या जागी बसला. मागचं पाणी आणि वाळू एकदम खाली आली. गोठा गेला, रिक्षा चिऱ्यांखाली गेली. वर थोरल्याला आवाज ऐकू आला तेव्हा खळ्याचा निम्मा तुकडा आणि झेंडूच्या कुंड्या जागेवर नव्हत्या. माणूस किंवा जनावर गेलं नाही, ते धाकट्याच्या बायकोनं, म्हणजे धाकटीनं, सांगितलेल्या न झालेल्या गळतीमुळे.

दोघेही वकिलाकडे गेले. वेगवेगळ्या, अर्थातच. धाकट्याच्या वकिलानं त्याला सांगितलं की 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या सातव्या कलमात उदाहरण देऊनच ठेवलंय: वरच्या जमिनीवरचं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहत येत असेल, तर खालच्यानं ते येऊ दिलं पाहिजे. भोक नको ही अट कायद्यात बसत नाही. शिवाय तुम्ही पायथा तोडलात. शेजारच्या जमिनीला आपल्या जमिनीचा असलेला आधार काढून घेता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. थोरल्याच्या वकिलानं थोरल्याला सांगितलं की हे सगळे हक्क जमिनीच्या मूळ स्थितीला आहेत, तुम्ही घातलेल्या भरीला नाहीत. दोघेही फी देऊन गप्प घरी आले. वाडीत कुणाला काही बोलले नाहीत, पण दोन्ही वकिलांचे कारकून एकाच हॉटेलात चहा घेतात.

पुढचं शहाणपण अर्धवट आलं, आणि अर्धवट शहाणपण वाळूत फार महाग पडतं.

श्रावणात उघडीप मिळाली तेव्हा उरलेली भिंत वाचवण्यासाठी थोरल्यानं तिला भोकं पाडायला सांगितली. धाकट्यानं या वेळी नाही म्हटलं नाही. गवंड्यानं पुढून छिन्नीनं चिरे फोडून दर पाच फुटांवर चार इंची पाइप घुसवले. “भोकामागे खडी भरूक व्हयी,” असं तो म्हणत होता, पण त्यासाठी मागून खणायला हवं आणि ऐन पावसात मागे कोण खणणार? खडी मागे राहणार, कुणाला दिसणार नाही, पैसे मात्र जाणार, हेही थोरल्याच्या मनात होतंच. पाइप बसले, पाणी भसाभसा सुटलं. वर थोरला समाधानानं झोपला.

पाण्याबरोबर वाळू येत होती. प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी पायलीभर वाळूचा ढीग रोज साचायचा. धाकटा ती फावड्यानं ओढून माडांच्या आळ्यांकडे टाकायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “दादाची जमीन माज्या नावार चढता हा.” तीन-चार दिवस हा विनोद चालला. पाचव्या दिवशी धाकटीनं ढिगात बोट घातलं तर आत शेणानं सारवलेल्या खळ्याची खपली निघाली. खपली वरच्या खळ्याची, म्हणजे वर पोकळी झालेली आणि ती पृष्ठभागापर्यंत पोचलेली.

ती नवऱ्याला न विचारता पाणंदीनं वळसा घालून वर गेली. थोरल्यासमोर उभी राहून म्हणाली, “दादा, तुमचा खळा आमच्या परड्यात इला हा. न्हेवचा तर न्हेवा, नायतर येवन बघा तरी.”

थोरला उठून खळ्यात गेला. तुळशीवृंदावन भिंतीकडे कललं होतं. रोज समोर होतं, पण रोज थोडं थोडं कललं म्हणून डोळ्याला कळलं नव्हतं. त्यानं जवळ जाऊन पाय आपटला आणि पोकळ आवाज आला. तो तसाच मागे झाला, चपला घातल्या आणि भावजयीच्या मागून खाली गेला. वाटण्या झाल्यापासून पहिल्यांदा. आपली भिंत त्यानं पहिल्यांदा समोरून पाहिली. ओल, सांधे, पाइप, पाइपांखालचे ढीग. धाकटा विहिरीपाशी होता. दोघे काय बोलले ते मला कुणी सांगितलं नाही. बहुधा सुरुवात पाइपांवरूनच झाली असावी. ढिगांवर पोफळीच्या झावळ्या टाकून पाइपांची तोंडं तात्पुरती दाबून धरायला दोघे एकत्र लागले, एवढं गवंड्यानं पाहिलं.

दिवाळीनंतर काम नव्यानं काढलं. नऊ फुटांची एक भिंत पुन्हा घालायची नाही, असं ठरलं. साडेचार-साडेचार फुटांच्या दोन घालायच्या आणि मध्ये पायरी सोडायची. पायरी किती रुंद, यावर दोन दिवस गेले. वरची भिंत खालचीच्या फार जवळ आली तर तिचा भार खालचीवर येतो आणि दोन मिळून पुन्हा एकच उंच भिंत होते. अंतर खालच्या भिंतीच्या दुप्पट उंचीएवढं तरी हवं. म्हणजे नऊ फूट. थोरल्याच्या खळ्यातून नऊ फूट जाणार. गाडी फिरवायची जागा तीच. त्यानं दोन दिवस हिशेब केला आणि गाडी पाणंदीत ठेवायचं कबूल केलं. धाकट्यानं तोडलेल्या पायथ्याचा काही भाग परत भरू दिला. गोठा विहिरीच्या पलीकडे गेला.

भिंतीमागचं काम मात्र गवंड्यानं या वेळी आपल्या मनासारखं करून घेतलं. पाइपाच्या मागच्या तोंडाशी मुठीएवढे दगड, त्यामागे जाडी खडी, मग बारीक खडी, मग नदीची जाडी वाळू आणि त्यानंतर किनाऱ्यावरची आपली रवाळ वाळू. प्रत्येक थराचे कण पुढच्या थराच्या फटीतून निसटणार नाहीत असे. कार्ल टर्झागी या अभियंत्याच्या नावानं ओळखला जाणारा याचा नियम आहे: गाळणीच्या बारीक कणांचा आकार मागच्या मातीच्या जाड कणांच्या चार-पाच पटींहून मोठा नको. गवंड्याला टर्झागी माहीत नव्हता. पण वाळूतल्या विहिरी बांधताना पाणी येऊ द्यायचं आणि रेती येऊ द्यायची नाही, हे त्यानं बापाकडून शिकून घेतलं होतं. विहिरीला जमतं ते भिंतीला का जमू नये, एवढाच त्याचा सवाल. घराच्या कौलांचं पाणी खळ्यात पडायचं, तेही पन्हळ लावून बाजूच्या व्हाळाकडे वळवलं. भिंतीच्या दर्शनी भागाला या खेपेला दर्जा मारायला पैसे उरले नाहीत. ती आजही ओबडधोबड दिसते. या वेळी कुणी किल्ला म्हटलं नाही.

खालच्या पाइपांचं पाणी कुठं न्यायचं, तो प्रश्न धाकटीनं सोडवला. पाइपांच्या खालून एक पाट काढला आणि तो माडांच्या आळ्यांपुढून व्हाळाला नेला. नको नको म्हटलेलं पाणी पावसाळा ओसरल्यावरही काही आठवडे पाटातून वाहत राहिलं आणि कार्तिकातलं शिंपणं वाचलं.

पहिला मोठा पाऊस झाला त्या सकाळी गवंडी न बोलावता आला. पहिल्या पाइपाखाली त्यानं ओंजळ धरली, पाणी सोडून दिलं आणि ओले तळवे एकमेकांवर हळूच घासले. डोळे मिटून, चव घेतल्यासारखं. मग थोरल्याला म्हणाला, “हात धरा.” थोरल्यानं धरला.

“लागता काय?”

“थोडा रवाळ लागता.”

“पयल्या दिसाक लागतला. चार दिसांनी परत बघा. लागला तर माका सांगा.”

चौथ्या दिवशी काही लागलं नाही. पण थोरल्याला सवय लागली ती लागली. पावसाळ्यात दर सकाळी तो पाणंदीनं खाली येतो, दहाही पाइपांखाली हात धरतो, तळवे घासतो आणि मग भावाकडे चहा घेतो. धाकटा त्याला म्हणतो, तुझ्यापेक्षा आधी मीच पाहून ठेवलंय. थोरला म्हणतो, पाहून ठेवलंस तर सांगितलंस का नाही, आणि हे तो भलत्याच वर्षाबद्दल विचारत असतो. धाकटा त्यावर चहा गाळायला आत जातो.

मधल्या पायरीवर आता वाळा लावला आहे. त्याची मुळं तीन-तीन मीटर खाली जातात आणि वाळू धरून ठेवतात. दोन ओळींच्या मध्ये धाकटीनं अननस घातलेत आणि कडेला अबोली. पायरी सातबाऱ्याप्रमाणे थोरल्याची, अननसाची रोपं धाकट्याच्या घरची. गेल्या उन्हाळ्यात बावीस अननस निघाले, आणि ते कोणाचे यावरून दोन्ही घरांत पुन्हा बोलाचाली झाली. या वेळी निरोप न्यायला गवंड्यानं साफ नकार दिला, त्यामुळे जे काय भांडायचं ते त्यांना पायरीवर समोरासमोर उभं राहून भांडावं लागलं.